नामवंतांची मोट आणि संघाचा मेळ

भातकापणी उरकली, झोडणी होऊन खळी रिकामी झाली, की रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा पट्ट्यात कबड्डीचा मोसम उभा राहतो. पनवेल-रोहा लोहमार्गावरील हमरापूर हे गाव बाहेरच्या जगास परिचित आहे ते गणेशमूर्तींमुळे. हमरापूर, जोहे, कळवे या परिसरातील कारखान्यांत घडलेल्या मूर्ती मुंबई-पुण्यासच नव्हे, तर सातासमुद्रापलीकडेही जातात. परंतु हिवाळ्यात त्या भागातील तरुणांच्या तोंडी विषय असतो तो कबड्डीचा. सुकलेल्या शेतातील ढेकळे फोडून, पाणी मारून, धुम्मस करून प्रांगण तयार होते, चहूबाजूंनी दिवे लागतात, ग्रामदैवताच्या नावाने स्थापन झालेली मंडळे मैदानात उतरतात आणि ध्वनिक्षेपकावरून समालोचकाचा आवाज रात्री उशिरापर्यंत खाडीपलीकडे ऐकू जातो. चषक असतो, रोख पारितोषिके असतात, एखादा दाता भेटला तर मोटारसायकलही असते.

याच पारितोषिकांच्या वाढत्या रकमांबरोबर गावोगावच्या मंडळांपुढे एक प्रश्न येऊन ठेपला आहे. स्पर्धेचे नियम जेथे आड येत नाहीत तेथे चार नामवंत खेळाडू बाहेरून आणावेत, की गावच्याच मुलांना घेऊन उतरावे? पहिल्या मार्गाने चषक लवकर घरी येतो, असा सार्वत्रिक समज आहे. दुसऱ्या मार्गात हार पत्करण्याची तयारी लागते. हा प्रश्न वरवर पाहता गावकीचा वाटेल. पण कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धेत कोट्यवधी रुपये ओतणाऱ्या धनिकांपुढे आणि ऑलिम्पिकला बास्केटबॉलचा संघ पाठविणाऱ्या अमेरिकेपुढेही तो याच स्वरूपात उभा राहिला होता. त्यांना जी उत्तरे मिळाली ती हमरापूरच्या मंडळांनाही उपयोगी पडावीत.

प्रो कबड्डी लीगचा आरंभ २०१४ साली झाला. त्या वर्षीच्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेश कुमार या भारतीय कर्णधारावर, आणि ती होती १२ लाख ८० हजार रुपयांची. २०२३ साली तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. नऊ वर्षांत भाव वीसपटीने चढला. मातीत खेळणाऱ्या, रेल्वेत वा पोलिसांत नोकरी मिळाली तर आयुष्याचे सार्थक मानणाऱ्या मुलांच्या हाती एवढा पैसा आला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र ज्यांनी हा पैसा ओतला त्यांना त्याच्या मोबदल्यात विजय मिळाला काय, हे तपासू गेल्यास चित्र निराळे दिसते. ज्या मोसमात पवनवर विक्रमी बोली लागली, त्या मोसमात तेलुगू टायटन्सने २२ सामन्यांपैकी अवघे २ जिंकले आणि संघ तळाशी राहिला. पवनने आपले काम चोख केले होते. त्याच्या चढाईच्या गुणांची संख्या दोनशेच्या वर गेली होती. गुण मिळत होते, सामने मिळत नव्हते.

याहून बोलके उदाहरण २०१९ सालच्या तमिळ थलैवाज संघाचे आहे. कबड्डीच्या रसिकाने कागदावर स्वप्नातला संघ लिहावा, तशी त्या संघाची यादी होती. २०१६ साली अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध भारताला तारणारा अजय ठाकूर कर्णधार. त्याच्या जोडीला राहुल चौधरी. बचावात मनजीत छिल्लर आणि मोहित छिल्लर. यांतील एकेका खेळाडूभोवती दुसऱ्या कोणी अख्खा संघ बांधला असता. मोसम संपला तेव्हा बारा संघांत थलैवाज बाराव्या स्थानी होते. २२ सामन्यांत ४ विजय. मध्येच प्रशिक्षक ई. भास्करन यांनी पद सोडले. अपयशाला कारणे अनेक असतात, आणि खेळाडूंचे वाढते वय हेही त्यांतील एक होते. तरीही एवढ्या गुणवत्तेची बेरीज एवढी अल्प का व्हावी, हा प्रश्न उरतोच.

या कोड्याचे उत्तर कबड्डीच्या रचनेतच आहे, आणि ते समजून घेण्यासाठी चढाई व पकड या दोन क्रियांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. चढाई हे एकट्याचे काम. तीस सेकंदांत एकटा गडी सात जणांच्या घरात शिरतो. त्याचे पदलालित्य, त्याचा दम, त्याची नजर ही सारी त्याचीच मिळकत असते आणि ती त्याच्याबरोबर एका संघातून दुसऱ्या संघात जाऊ शकते. म्हणूनच चढाईपटूवर मोठी बोली लागते. पकडीचे तसे नाही. कोपऱ्यावरचा गडी घोट्यात हात घालतो तेव्हा त्याने स्वतःला जमिनीवर झोकून दिलेले असते. त्या क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने पुढे येऊन चढाईपटूचा मध्यरेषेकडे जाणारा मार्ग रोखला नाही, तर घोटा धरणारा गडी त्याच्या पायाबरोबर रेषेपर्यंत फरपटत जातो आणि बाद होतो. मध्यरक्षक निमिषभर आधी पुढे आला तरी घात होतो, कारण चढाईपटू सावध होऊन माघारी फिरतो किंवा त्यालाच टिपतो. ही वेळ कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. शेजारच्याचा खांदा कसा झुकला, त्याच्या हाताची पकड किंचित कशी घट्ट झाली, यावरून ती कळते. साखळीत हातात हात घालून उभे राहण्याचा अर्थ हाच आहे. दोन उत्तम बचावपटू शेजारी उभे केले म्हणजे उत्तम साखळी झाली, असे होत नाही. प्रत्येकाला स्वतःच्या सामर्थ्याचा एवढा भरवसा असतो, की दोघेही एकाच वेळी झेपावतात आणि मागे पोकळी राहते.

चढाईतही एक अदृश्य भागीदारी असते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. सबब प्रत्येक संघात कोणीतरी रिकाम्या चढाया करणारा लागतो. त्याने वेळ काढायचा, प्रतिपक्षाच्या बचावाला दमवायचे, स्वतः बाद व्हायचे नाही आणि गुणही मिळवायचे नाहीत. टाळ्या मुख्य चढाईपटूच्या वाट्याला जाऊ द्यायच्या. तीन मुख्य चढाईपटू एकत्र आणले तर हे काम करायचे कोणी? शिवाय मुख्य गडी बाद होऊन बाहेर बसला, की त्याला पुन्हा आत आणण्यासाठी बचावाने पकड करावी लागते. संघात एकच मुख्य गडी असेल तर सारे त्याच्यासाठी झटतात. तीन असतील आणि तिघेही बाहेर बसले असतील, तर आत उरलेल्या दुय्यम खेळाडूंवर सामना वाचविण्याची वेळ येते. नेमके त्यांच्यावरच खर्च करायला पैसा उरलेला नसतो.

यू मुंबाची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली हा संघ पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम सामन्यात पोहोचला. २०१४ साली जयपूर पिंक पँथर्सकडून तो हरला, २०१५ साली बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून विजेता ठरला आणि २०१६ च्या आरंभी झालेल्या मोसमात पाटणा पायरेट्सकडून ३१-२८ असा निसटता पराभूत झाला. अनुपच्या चढायांची वाहवा झाली आणि ती योग्यच होती. मात्र या संघाचा कणा होता तो कोपऱ्यावरच्या सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर या जोडीत. २०१६ च्या दुसऱ्या मोसमासाठी ही जोडी फुटली नाही. ती जशीच्या तशी बंगळुरूकडे गेली, आणि मोहितवर लागलेली ५३ लाखांची बोली त्या वर्षीची सर्वांत मोठी होती. परिणाम काय झाला? यू मुंबाला प्रथमच उपांत्य फेरी गाठता आली नाही, आणि जिने ही जोडी विकत घेतली त्या बंगळुरूलाही नाही. जोडी तीच होती, हात तेच होते. पण त्यांच्या आतल्या बाजूला उभे राहणारे मध्यरक्षक निराळे होते आणि संयमाने सामना खेचणारा अनुप तेथे नव्हता. दोघांचा मेळ सुद्धा सातांच्या मेळावर अवलंबून असतो.

पाटणा पायरेट्सने लागोपाठ तीन विजेतेपदे मिळविली त्याचे श्रेय परदीप नरवालला दिले जाते. २०१७ च्या मोसमात त्याने एकट्याने चढाईत ३६९ गुण मिळविले. हा पराक्रम कोणत्याही मेळाच्या सिद्धान्ताला पुरून उरणारा आहे, आणि एका असामान्य खेळाडूने स्पर्धा जिंकून देता येते हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच मोसमात मोनू गोयत नावाचा दुसरा चढाईपटू त्याच्या सावलीत राहून गुण जमवीत होता. २०१८ साली मोनूला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाखांना, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोच्च बोलीने घेतले. हरियाणा आपल्या गटात शेवटी राहिला आणि परदीप असूनही पाटणा बाद फेरीत पोहोचू शकला नाही. मोनूची किंमत लिलावात ठरली ती त्याच्या गुणांवरून. ते गुण परदीप शेजारी असल्यामुळे मिळाले होते, ही गोष्ट बोली लावणाऱ्याने हिशेबात धरली नसावी.

या साऱ्यावर कडी झाली ती त्याच २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये जाकार्ता येथे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा समावेश झाल्यापासून भारताच्या पुरुष संघाने सलग सात सुवर्णपदके घेतली होती. २०१८ चा संघ त्या सर्वांत श्रीमंत आणि प्रसिद्ध होता. अजय ठाकूर, परदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत, दीपक हुडा, आणि आपल्या महाराष्ट्राचे रिशांक देवाडिगा व गिरीश इरनाक. यांतील चौघांवर त्याच वर्षी एक कोटीहून अधिक बोली लागली होती. साखळी सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरविले आणि उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे. कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. इराणच्या खेळाडूंनी भारतीय लीगमध्येच खेळून भारतीयांचे डाव शिकून घेतले होते, हे स्पष्टीकरण त्या वेळी पुढे आले आणि त्यात तथ्य आहे. पण सबंध सामन्यात १८ गुण, ही भारताच्या चढाईपटूंच्या त्या यादीला शोभणारी संख्या नव्हे. पाच वर्षांनी, २०२३ साली हांगझाउ येथे भारताने सुवर्णपदक परत मिळविले. त्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे दोन तरुण होते.

गंमत अशी, की २०१८ च्याच जानेवारीत रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबाद येथे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले होते. अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांचा दुष्काळ संपविला गेला होता. ज्या राज्याने या खेळाला पहिले नियम दिले, ज्या राज्यातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन जगापुढे हुतूतू खेळून दाखविला, जेथे शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकाने हा खेळ घरोघर नेला, त्या राज्याला राष्ट्रीय विजेतेपदासाठी अकरा वर्षे थांबावे लागावे याचे नवल वाटेल. गुणवत्तेचा तुटवडा हे त्याचे कारण खास नव्हते. याच काळात लीगमधील संघ महाराष्ट्राच्या खेळाडूंनी भरलेले होते. परंतु सेनादल आणि रेल्वे यांचे खेळाडू एका छत्राखाली नोकरी करतात, एकत्र सराव करतात. महाराष्ट्राचे खेळाडू निरनिराळ्या कंपन्या, बँका, पोलीस दल यांच्या संघांत विखुरलेले असतात. वर्षभर परस्परांविरुद्ध खेळतात आणि स्पर्धेपुरते शिबिरात एकत्र येतात. ज्याची पकड चुकवायला वर्षभर शिकलो, त्याच्याच हातात हात गुंफून उभे राहायचे, हे थोड्या दिवसांत साधणे अवघड असते.

हा अनुभव एकट्या कबड्डीचा नाही. अमेरिकेने १९९२ पासून व्यावसायिक बास्केटबॉलपटू ऑलिम्पिकला पाठविण्यास प्रारंभ केला आणि तीन वेळा सहज सुवर्णपदक घेतले. २००४ साली अथेन्सला गेलेल्या संघात ॲलन आयव्हर्सन, टिम डंकन यांच्यासारखे दिग्गज आणि लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड असे उगवते तारे होते. पहिल्याच सामन्यात पोर्तो रिको या चिमुकल्या प्रदेशाने त्यांना ९२-७३ असे लोळविले. पुढे लिथुआनिया व अर्जेंटिना यांच्याकडूनही ते हरले. अमेरिकेने त्यावरून घेतलेला धडा लक्षणीय होता. अधिक मोठे खेळाडू शोधण्याऐवजी त्यांनी खेळाडूंकडून काही वर्षांची बांधिलकी मागितली, माइक शशेफ्स्की या महाविद्यालयीन प्रशिक्षकाकडे सूत्रे दिली आणि २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक परत आणले. जेम्स आणि वेड त्याही संघात होते. अलीकडच्या काळात ब्रुकलिन नेट्स या संघाने केव्हिन ड्युरांट, कायरी अर्विंग आणि जेम्स हार्डन यांना २०२१ च्या जानेवारीत एकत्र आणले. वर्षभराच्या सुमारास हार्डन निघून गेला आणि तोवर हे तिघे अवघे १६ सामने एकत्र खेळले होते.

रॉडरिक स्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या प्रश्नाचा शास्त्रीय अंगाने विचार झाला आहे. फुटबॉल आणि बास्केटबॉल या खेळांत गुणी खेळाडूंची संख्या एका मर्यादेपर्यंत वाढविली तर संघाला लाभ होतो, त्यापुढे मात्र संघाची कामगिरी खालावते, असे त्यांना आढळले. बेसबॉलमध्ये तसे आढळले नाही, कारण तेथे प्रत्येकाचे काम बरेचसे स्वतंत्र असते. आपल्याकडे हा भेद क्रिकेट आणि कबड्डी यांच्या तुलनेत दिसतो. २०२५ च्या जानेवारीत मुंबईचा रणजी संघ रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे आणि शार्दूल ठाकूर असे आंतरराष्ट्रीय खेळाडू घेऊन वांद्र्याच्या मैदानावर जम्मू-काश्मीरकडून पाच गडी राखून पराभूत झाला, तेव्हा तारांकित संघाच्या अपयशाची चर्चा झाली. ती काहीशी अप्रस्तुत होती. फलंदाज बाद होतो तो एकटाच. त्या पराभवास मेळापेक्षा सरावाचा अभाव आणि प्रतिपक्षाची उत्तम गोलंदाजी ही कारणे पुरेशी आहेत. २०२४ च्या मुंबई इंडियन्सची गोष्ट मात्र वेगळी. रोहितला बाजूला करून हार्दिक पंड्याकडे कर्णधारपद देण्यात आले. संघात हे दोघे, शिवाय जसप्रीत बुमरा आणि सूर्यकुमार यादव. आणि हा संघ १४ पैकी ४ सामने जिंकून दहा संघांत दहावा आला. महिन्याभरानंतर हेच चौघे भारतातर्फे खेळले आणि विश्वविजेते झाले. चार-सहा आठवड्यांत कोणाचे कौशल्य आटत नाही किंवा पाझरत नाही. क्रिकेटसारख्या एकेकट्याच्या खेळातही कोणाच्या शब्दाला संघात किती वजन आहे, याची संदिग्धता किती महाग पडते, एवढे त्यातून दिसते.

तर मग नामवंतांना दूरच ठेवावे काय? पुणेरी पलटणचे उदाहरण या बाबतीत अधिक मार्गदर्शक आहे. या संघाने २०२१ पासून अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत अशा फारशा नाव न झालेल्या तरुणांना हाती धरले आणि हरले तरी त्यांना बदलले नाही. २०२२ साली ते उपविजेते ठरले. २०२३ च्या लिलावात त्यांनी एक मोठा खर्च केला, तो इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी. त्याची किंमत २ कोटी ३५ लाख होती. २२ पैकी १७ सामने जिंकून, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पलटणने विजेतेपद घेतले. पुढच्या लिलावात शादलू हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता ठरला. येथे हमरापूरकरांना कुतूहल वाटेल अशी एक गोष्ट आहे: हरियाणा स्टीलर्सची मालकी ज्या जेएसडब्ल्यू समूहाकडे आहे, त्याचाच पोलाद कारखाना पेण तालुक्यात डोलवी येथे आहे. २०२५ साली शादलू गुजरातकडे गेला. तो संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही.

तीन मोसम, तीन संघ, एकच खेळाडू. पुणे आणि हरियाणा या दोन्ही ठिकाणी शादलू गेला तेव्हा घर बांधून तयार होते; हरियाणा तर आदल्या वर्षीचा उपविजेता होता आणि मनप्रीत सिंग यांच्या हाताखाली तेच खेळाडू टिकून होते. शादलूने त्या घरावर कळस चढविला. जेथे भिंतीच उभ्या राहिल्या नव्हत्या तेथे कळस ठेवायचा कशावर? उलट शादलू गेल्यानंतरही पलटण २०२५ साली पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा थोडक्यात पराभव तिने स्वीकारला. तिचा प्रशिक्षक होता अजय ठाकूर, २०१९ सालच्या त्या तळाच्या तारांकित संघाचा कर्णधार. त्या मोसमात त्याने काय पाहिले असेल, याची कल्पना करता येते.

हमरापूरच्या परिसरात कळस आणि पाया यांचा हा संबंध समजावून सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कलावंत सर्वांत मानाचा. मूर्ती जिवंत होते ती त्याच्या हाताने. हंगामात त्याला शेजारच्या कारखान्यातून बोलावणे येते आणि तो चार दिवसांत आपले काम करून जातो. परंतु साचा नीट भरला गेला नसेल, जोड घासून एकजीव केला नसेल, कच्ची मूर्ती पुरती सुकण्याआधीच रंगाचा हात बसला असेल, तर त्या आखणीला अर्थ राहत नाही. साचा भरणारे, घासणारे आणि रंगाचा पहिला हात देणारे हात मात्र उसने आणता येत नाहीत. ते वर्षभर त्याच छपराखाली असावे लागतात. कबड्डीत चढाईपटू हा आखणीचा कलावंत आहे आणि कोपरे व मध्यरक्षक हे कारखान्यातले कायमचे हात आहेत. मंडळांना बाहेरून कोणाला आणायचेच असेल तर एखादा चढाईपटू आणावा, तोही एका रात्रीपुरता न आणता मोसमापुरता आणावा आणि सरावाला बसवावा. कोपऱ्याची जोडी गावाबाहेरून आणणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

मंडळांची बाजूही ऐकली पाहिजे. गावातील मुले बारावीनंतर पनवेल-मुंबईकडे नोकरीस जातात किंवा रोह्याच्या कारखान्यांत पाळ्यांवर असतात. सायंकाळी सरावाला सात जण जमणे मुश्कील होते. नामवंत खेळाडू आला तर प्रेक्षक येतात, प्रेक्षक आले तर देणगीदार येतो, देणगीवर पुढच्या वर्षीची स्पर्धा उभी राहते. लहान मुलांना मोठा खेळाडू चार हातांवरून पाहावयास मिळतो, हाही लाभ थोडा नव्हे. या अडचणी खऱ्या आहेत आणि शहरात बसून त्यांची थट्टा करणे सोपे आहे. तथापि हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. चार बाहेरचे आले की गावचे चार बाहेर बसतात. जो अठरा वर्षांचा मुलगा पावसाळाभर ओल्या मातीत घोट्याच्या पकडीचा सराव करतो, त्याला सामन्याच्या रात्री पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचे काम मिळते. एक वर्ष तो ते करतो, दुसऱ्या वर्षीही करतो. तिसऱ्या वर्षी तो सरावाला येत नाही. मग मंडळ म्हणते, गावात मुलेच नाहीत, बाहेरून आणल्यावाचून गत्यंतर नाही. जी उणीव भरून काढण्यासाठी पैसा खर्च होतो, ती उणीव त्याच पैशाने वाढत जाते. शाळेत खेळ शिकविणाऱ्या शिक्षकांना हे चक्र ठाऊक आहे, कारण दहावीपर्यंत चमकणारी मुले पुढे कोठे नाहीशी होतात हे त्यांना डोळ्यांदेखत दिसत असते.

स्पर्धा भरविणाऱ्यांच्या हाती यावर एक साधा उपाय आहे, आणि त्याला खर्चही नाही. गावोगावच्या स्पर्धांत सांघिक चषकाखेरीज वैयक्तिक पारितोषिके ठरलेली असतात: सर्वोत्कृष्ट चढाई, सर्वोत्कृष्ट पकड, स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू, आणि प्रेक्षकांच्या आवाजावर ठरणारा ‘पब्लिक हिरो’. पकडीचे पारितोषिक देताना ज्याने घोटा धरला त्याचे नाव पुकारले जाते. तो व्यासपीठावर जातो, हार घालून घेतो, छायाचित्र निघते. त्या घोट्यामागोमाग स्वतःला आडवे टाकून ज्याने चढाईपटूची मध्यरेषेकडची वाट अडविली, तो मध्यरक्षक त्या वेळी खाली गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवीत असतो. पकडीचे पारितोषिक यंदापासून दोघांना मिळून द्यावे, असा ठराव एखाद्या मंडळाने करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.